लाँग जॉन सिल्व्हरचा नसलेला पाय

खजिना बेटावर असतो आणि तो बेटाबाहेर सहजी नेता येत नाही, ही साहसकथांची सनातन अडचण आहे. वॉल्ट डिस्नेपुढे ती कथेच्या आधी हिशेबाच्या वहीतच उभी राहिली, आणि त्याच्या वाट्याला आलेले बेट होते ब्रिटन. महायुद्धाने खंगलेल्या त्या देशाला आपले डॉलर जपायचे होते. ऑगस्ट १९४७ मध्ये सरकारने परदेशी चित्रपटांवर ७५ टक्के कर बसवला, हॉलिवूडने रागाने नवे चित्रपट पाठवणेच थांबवले, आणि मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली ती अशी, की सगळ्या अमेरिकी कंपन्यांनी मिळून वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलर मायदेशी न्यावेत. उरलेली कमाई तिथेच राहील आणि तिथेच खर्च होईल. डिस्नेचे पौंड असे अडकून पडले. रेखाचित्रकारांची नवी फौज इंग्लंडात उभी करणे म्हणजे वर्षानुवर्षांचे काम. त्यापेक्षा हाडामांसाचे नट घ्यावेत, तिथलेच तंत्रज्ञ घ्यावेत, तिथलीच एखादी कथा घ्यावी आणि पुरलेले धन रिळांच्या रूपाने समुद्रापार न्यावे, असा विचार झाला. कथा निवडली ती रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड'. पुरलेल्या धनाचा उपयोग पुरलेल्या धनाच्या गोष्टीवर व्हावा, हा योगायोग कुणा नाटककाराने रचला असता तर आपण त्याला जरा जास्तच चातुर्य झाले म्हणून हसलो असतो.

१९५० साली झळकलेला हा चित्रपट डिस्नेचा पहिला संपूर्णपणे जिवंत नटांचा चित्रपट. पैसा अमेरिकी, दिग्दर्शक बायरन हॅस्किन अमेरिकी, पटकथाकार लॉरेन्स एडवर्ड वॉटकिन अमेरिकी. पण पडद्यावर जे दिसते आणि कानांवर जे पडते ते जवळजवळ सगळे ब्रिटिश आहे. डेनमचा स्टुडिओ, कॉर्नवॉलच्या खाड्या, फ्रेडी यंगचा कॅमेरा, क्लिफ्टन पार्करचे संगीत, पीटर एलेनशॉचा कुंचला आणि लंडनच्या रंगभूमीवर मुरलेल्या नटांचे ते जाड, खरबरीत, मीठ लागलेले आवाज. म्हणून या चित्रपटाला ब्रिटिश म्हणताना आपल्याला संकोच वाटायचे कारण नाही. आणि एकदा का आपण तो सावकाश, हातातली घाई खाली ठेवून पाहू लागलो, की एक विलक्षण गंमत हळूहळू ध्यानात येते. यातल्या सगळ्यात ठसठशीत गोष्टी मुळात तिथे नाहीतच. चाच्यांचा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हर याला एक पाय नाही, ब्रिस्टलला बंदर नाही, कित्येक दृश्यांत खुद्द नायक मुलगा नाही. तरीही आपल्याला सगळे दिसते. हॅस्किन हा मूळचा छायाचित्रकार. वॉर्नर ब्रदर्समध्ये त्याने दृक्चमत्कारांच्या विभागात वर्षे घालवली होती. नसलेले दाखवणे हा त्याचा व्यवसायच होता म्हणा ना.

नसलेल्या पायापासूनच सुरुवात करू. एकपायी माणसाची भूमिका दोन पायांच्या नटाने करायची, तर एक पाय लपवला पाहिजे. सिल्व्हर झालेल्या रॉबर्ट न्यूटनचा डावा पाय मागे दुमडून बांधला जाई, वर लांब कोटाचा घोळ सोडला जाई, आणि काखेत कुबडी. एवढ्यावर एखादा नट पाय लपवण्याच्या धडपडीत अडकला असता. त्याचे चालणे कसरत वाटले असते आणि आपली नजर सतत त्या कोटाखाली गेली असती. न्यूटनने उलट केले. त्याने कुबडीलाच अवयव मानले. ती टेकवून तो उभा राहतो तेव्हा ऐसपैस गप्पा मारायला आलेल्या शेजाऱ्यासारखा दिसतो. ती उचलून चार पावले टाकतो तेव्हा तोच माणूस अकस्मात चपळ, अकस्मात धोकादायक होतो. पंगूपणाची कणव आपल्या मनात उगवते न उगवते तोच तो ती हिसकावून घेतो, आणि लगेच पुढच्या क्षणी, स्वतःला गरज पडली की, हात पसरून मागूनही घेतो. नाट्यशास्त्रात भरताने देहाचा आंगिक आणि वेशभूषेचा आहार्य असे अभिनयाचे दोन वेगळे प्रकार सांगितले. इथे ते वेगळे काढता येत नाहीत, कारण कुबडी वेशाचा भाग आहे की देहाचा, हे चित्रपट संपला तरी ठरत नाही. स्टीव्हन्सनला ही मूर्ती सुचली ती आपल्या मित्रावरून, कवी डब्ल्यू. ई. हेन्लीवरून, ज्याचा एक पाय क्षयाने गेला होता आणि ज्याच्या धिप्पाड, गडगडाटी व्यक्तिमत्त्वाला त्यामुळे उणेपणा आला नव्हता. न्यूटनने हेन्लीचा अभ्यास केला असेल असे नव्हे. पण कादंबरीकाराला त्या मित्रात जे दिसले असणार, की अपुरा देह आणि ओसंडणारा प्राण एकाच माणसात नांदू शकतात, ते नटाच्या अंगात बरोबर उतरले आहे.

आणि मग तो आवाज. न्यूटनचा जन्म १९०५ मध्ये डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरीचा, बालपणाचा मोठा भाग कॉर्नवॉलमधला. म्हणजे इंग्लंडच्या ज्या नैर्ऋत्य टोकाने ब्रिस्टल, प्लिमथ, फाल्मथ अशी बंदरे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे खलाशी दिले, त्या मातीतला. लंडनच्या शिष्ट उच्चारात शब्दाच्या शेवटचा 'र' गिळून टाकतात. नैर्ऋत्येकडे तो जिभेवर घोळवतात. न्यूटनने तो घोळवला, ताणला, चघळला, आणि कधी कधी तर पूर्ण वाक्याच्या जागी तो एकटाच ठेवला. होकार, संशय, आनंद, धमकी, प्रार्थनेनंतरचा 'तथास्तु' हे सगळे त्या एका गुरगुरण्यात मावते. आज जगाच्या पाठीवर कुठलेही पोर डोळ्यावर पट्टी बांधून चाचा झाले की जो 'अर्र्र' असा आवाज काढते, तो सतराव्या-अठराव्या शतकातल्या कुठल्या जहाजावरून आलेला नाही. तो बव्हंशी या एका नटाच्या घशातून आला आहे. दर १९ सप्टेंबरला जे हौशी लोक दिवसभर चाच्यांच्या भाषेत बोलायचे व्रत पाळतात, त्यांनी न्यूटनला आपले आराध्यदैवत मानले आहे, ते उगीच नव्हे.

पण अनुकरणात हरवते ते मूळ आवाजातले मार्दव. ज्यांनी फक्त नकला ऐकल्या आहेत त्यांना वाटते न्यूटन सतत गर्जत असेल. तसे नाही. आपण कान देऊन ऐकले तर लक्षात येते की कथेचा बालनायक जिम याच्याशी बोलताना त्याचा आवाज खाली येतो, शब्दांमधली अंतरे वाढतात, आणि त्या घोळलेल्या 'र'मध्ये एक प्रकारची ऊब येते, लबाड ऊब, पण ऊबच. डोळे मात्र त्या वेळी वेगळेच काही करत असतात. एक डोळा बारीक, दुसरा विस्फारलेला. बुबुळे क्षणात मुलावर, क्षणात दाराकडे. वाचिकात वत्सल आणि नेत्राभिनयात भयानक असे दोन रस एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी चालू ठेवणे, ही अतिशयोक्त अभिनयाची खरी किमया आहे, आणि 'ओव्हरअ‍ॅक्टिंग' म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या हातून ती नेहमी निसटते. मला विचाराल तर संयमित अभिनयाने हा सिल्व्हर मेला असता. पुढे न्यूटनला या भूमिकेने सोडले नाही, की त्याने तिला सोडले नाही कोण जाणे: १९५२ मध्ये तो 'ब्लॅकबिअर्ड' झाला, १९५४ मध्ये हॅस्किनबरोबरच ऑस्ट्रेलियात पुन्हा लाँग जॉन झाला, दूरचित्रवाणीसाठी २६ भागांची मालिकाही केली, आणि १९५६ मध्ये पन्नाशीतच गेला. त्या नंतरच्या चाच्यांत गुरगुर आहे, मार्दव विरळ होत गेले आहे.

सिल्व्हरचा अवतार व्हायच्या आधी मात्र चित्रपट आपल्याला अंधारात बसवतो, आणि तो अंधार न्याहाळण्याजोगा आहे. अ‍ॅडमिरल बेन्बो सराईतले ते पहिले प्रसंग: बिली बोन्स हा म्हातारा, व्यसनी, भयाने पोखरलेला खलाशी, त्याला हुडकत आलेला ब्लॅक डॉग, आणि मग काठी आपटत येणारा आंधळा प्यू. टेक्निकलरचा त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक अवजड पेटारा. भिंगातून आलेला प्रकाश आत फोडून तीन वेगळ्या फितींवर घ्यायचा, त्यामुळे प्रकाशाची भूक प्रचंड. बहुतेक रंगपट त्या काळी म्हणूनच मिठाईच्या दुकानासारखे लखलखत. फ्रेडी यंगने इथे रंग मिळवले आणि अंधारही राखला. चेहऱ्यांवर मेणबत्तीची तांबूस झळ आणि पाठीमागे गडद तपकिरी पोकळी. पुढे वाळवंटातल्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी ज्याला ऑस्कर मिळाले तोच हा माणूस, आणि प्रकाश किती द्यायचा यापेक्षा किती नाकारायचा हे त्याला आधीपासूनच ठाऊक होते, याची साक्ष या सराईत मिळते.

बिली बोन्स झालेल्या फिन्ले करीला पाहताना आपल्या स्मरणात काहीतरी हलते. डेव्हिड लीनच्या १९४६ च्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये दफनभूमीत पिपवर झडप घालणारा कैदी मॅग्विच हाच. आणि १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला क्रूर बिल साइक्स म्हणजे न्यूटन. म्हणजे लहान मुलाच्या आयुष्यात एक भयंकर माणूस शिरतो आणि त्याचे भवितव्य बदलून टाकतो, ही डिकन्सची जी मांडणी ब्रिटिश चित्रपटाने त्या दोन-चार वर्षांत आपलीशी केली होती, तिचेच चेहरे डिस्नेने उचलून आणले आहेत. हा मुद्दाम केलेला संदर्भ होता असा माझा दावा नाही. पण युद्धानंतरच्या त्या ब्रिटिश पडद्यावर मूल आणि गुन्हेगार यांचे नाते वारंवार येते, आणि 'ट्रेझर आयलंड' त्या नात्याचे सर्वात उजळ, सर्वात खेळकर रूप आहे.

आता त्या मुलाकडे वळू. जिम हॉकिन्स झालेला बॉबी ड्रिस्कॉल बारा वर्षांचा, आयोवात जन्मलेला. त्या खणखणीत ब्रिटिश आणि आयरिश आवाजांच्या मेळाव्यात त्याचे अमेरिकी उच्चार वेगळे पडतात, आणि कट्टर स्टीव्हन्सनभक्त आजही त्यावर कुरकुरतात. कुरकुरू द्यावे. कारण त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आहे ते उच्चारशुद्धीच्या बदल्यात कुणी देणार असेल तर तो सौदा वाईट आहे. १९४९ मध्ये चित्रीकरण चालू असतानाच निघाले, की त्याच्याकडे इंग्लंडात काम करण्याचा वैध परवाना नाही. दंड झाला, देश सोडण्याचा हुकूम झाला, आणि अपिलाच्या तयारीसाठी जी सहा आठवड्यांची सवड मिळाली तिच्यात हॅस्किनने घाईघाईने काय उरकले असेल, तर जिमची जवळून घेतलेली दृश्ये. मुलगा कॅलिफोर्नियाला परतल्यावर बाहेरच्या चित्रीकरणातली राहिलेली दृश्ये त्याच्याजागी एका इंग्रज मुलाला उभे करून पुरी करण्यात आली.

ही केवळ पडद्यामागची चटकदार हकीकत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. तिचा पडद्यावर काय परिणाम झाला ते पाहण्यासारखे आहे. दूरवर पळणारी, वाळूत धावणारी, होडीत बसलेली ती छोटी आकृती दिसते आणि मग अचानक पडदाभर जिमचा चेहरा येतो, भुवया किंचित उंचावलेल्या, ओठ मिटलेले, डोळे चौकटीबाहेरच्या कुणावर तरी खिळलेले. सारे जग दूर आहे आणि एक चेहरा फार जवळ आहे. सफरचंदांच्या पिंपात दडून तो सिल्व्हरचा खरा बेत ऐकतो, त्या प्रसंगाचा तर सगळा प्राणच ऐकणाऱ्या चेहऱ्यात आहे. ज्याच्यावर जीव लावला तोच माणूस खुनाचे बोलतो आहे, हे मुलाला कळताना आपण पाहतो. बोलणारा दिसला नाही तरी चालते. स्टीव्हन्सनची कादंबरी बहुतांशी जिमच्या तोंडून, 'मी'च्या निवेदनात येते. चित्रपटाला हे 'मी'पण साधणे नेहमीच जड जाते. निवेदकाचा आवाज मागे लावून ते साधत नाही. इथे एका सरकारी हुकुमाने ते साधायला मदत केली. जिम पाहतो, जिम ऐकतो, आणि बेट, जहाज, चाचे हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे घडते. परवान्याच्या त्या कागदाचे आभार मानावेत की काय, असा विचार मनात येऊन जातो; पण त्या मुलाचे पुढचे आयुष्य आठवले की तो विचार गिळावा लागतो. पीटर पॅनचा आवाज झालेला हा गुणी नट एकतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये अनोळखी, निष्कांचन अवस्थेत मरण पावला आणि त्याला हार्ट आयलंडवरच्या बेवारशांच्या दफनभूमीत पुरण्यात आले.

कादंबरीतली जिमची आई पडद्यावर येत नाही. कुणाला हे वॉटकिनच्या पटकथेचे दारिद्र्य वाटेल. मला ती मोक्याच्या जागी मारलेली कात्री वाटते. घरी वाट पाहणारे कुणी दिसत नाही, त्यामुळे मुलाच्या आयुष्यात वडीलधाऱ्याची एक जागा मोकळी राहते, आणि तिथे उमेदवार तरी कोण आहेत? स्क्वायर ट्रेलॉनी बडबड्या, कॅप्टन स्मॉलेट ताठ, डॉक्टर लिव्हसी सज्जन आणि जरा रुक्ष. वॉल्टर फिट्झजेरल्ड, बेसिल सिडनी, डेनिस ओ'डे हे तिघेही पक्के नट, पण सद्गुणांना या चित्रपटात फारसे रंग दिलेले नाहीत. ज्याच्याशी गप्पा माराव्यात, ज्याच्या खांद्यावरच्या पोपटाला हात लावून पाहावा, ज्याच्या मुदपाकखान्यात जाऊन बसावे, असा एकच प्रौढ माणूस त्या जहाजावर आहे, आणि तो दरोडेखोर आहे.

तो पोपट, कॅप्टन फ्लिंट, जरा निरखून पाहू या, कारण त्याच्या पिसांत आपल्या किनाऱ्याचे मीठ आहे. कादंबरीत सिल्व्हर त्या पोपटाच्या प्रवासाची मोठी यादी सांगतो. तीत मलबार आहे, मादागास्कर आहे, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजाच्या लुटीचाही उल्लेख आहे. यामागे १७२१ ची खरी घटना दिसते: गोव्याचा कार्यकाळ संपवून पोर्तुगालला परतणाऱ्या व्हाइसरॉयचे 'नोसा सेन्योरा दो काबो' हे जहाज वादळाने मोडकळीला येऊन आजच्या रियुनियन बेटाशी थांबले असताना ऑलिव्हिए लव्हास्युर आणि जॉन टेलर या चाच्यांनी ते अलगद उचलले. त्यांच्यासारख्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूजचे आरमार हिंदी महासागरात आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते कुठे भिडले, तर अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्याला, कान्होजी आंग्र्यांशी! इंग्रज आणि पोर्तुगीज यांची ती संयुक्त मोहीम सपशेल फसली. मराठ्यांच्या या सरखेलाला ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात चाचाच म्हटले जाई. चाचा कोण आणि आरमारप्रमुख कोण हे बरेचदा दप्तर कुणाच्या हाती आहे यावर ठरे. स्टीव्हन्सनने हे सारे मनात धरले होते असे नव्हे, त्याने चाच्यांच्या जुन्या चरित्रसंग्रहांतून हवे ते रंग उचलले. पण सिल्व्हरच्या खांद्यावरचा तो पक्षी पडद्यावर दिसला की कोकणचा वाचक क्षणभर सावरून बसतो, आणि ते बसणे अगदीच अनाठायी नसते.

पोपट खरा होता, जहाजही खरे होते. 'हिस्पॅनिओला' म्हणून जे दिसते ते 'रायलंड्स' नावाचे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे गलबत, १८८७ मध्ये लँकशरमधल्या ग्लासन डॉक येथे बांधलेले. आयुष्यभर किनाऱ्याकिनाऱ्याने मालवाहतूक केलेल्या या गलबताला उतारवयात अठराव्या शतकाचा साज चढवून नटी केले गेले. ते इतके जमले की काही वर्षांनी जॉन ह्यूस्टनच्या 'मोबी डिक'मध्ये तेच 'पीकॉड' झाले. १९७२ मध्ये ते मोरकँब येथे जळून गेले. कॉर्नवॉलमधल्या फाल आणि हेल्फर्ड या नद्यांच्या मुखाशी, झाडी थेट पाण्यावर ओणवलेल्या निवांत खाड्यांत हे गलबत नांगरलेले दिसते, तेव्हा आपण थोडेसे अडखळतो. माडाचे एक झाड नाही, आकाश उत्तरेकडचे मवाळ, हिरवा रंग ओक वृक्षांचा. कॅरिबियन बेट असे कुठे असते? पण लगेच आठवते की स्टीव्हन्सनने हे बेट १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात, स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, सावत्र मुलाबरोबर रंगपेटी घेऊन बसला असताना नकाशावर रंगवले होते. त्या बेटाच्या मुळाशी आहे घरात कोंडलेल्या उत्तरेकडच्या मुलाने कल्पिलेला दक्षिण समुद्र. त्या न्यायाने कॉर्नवॉलची खाडी कुठल्याही खऱ्या कॅरिबियन पुळणीहून कादंबरीला जवळची आहे. तो पहिला नकाशा, जाता जाता सांगायला हरकत नाही, पुढे प्रकाशकाकडे पाठवताना गहाळ झाला आणि लेखकाला तो पुस्तकातल्या तपशिलांवरून उलटा, कष्टाने पुन्हा रचावा लागला.

ब्रिस्टल मात्र खरे मिळण्यासारखे नव्हते. अठराव्या शतकातले ते गजबजलेले बंदर, रांगेने लागलेली जहाजे, डोलकाठ्यांचे वन, हे सगळे बांधायला डिस्नेचे अडकलेले पौंडही पुरले नसते. तिथे एलेनशॉ आला. युक्ती अशी: चौकटीच्या ज्या भागात नट हिंडणार तेवढाच देखावा खरा बांधायचा, उरलेला भाग चित्रीकरणाच्या वेळी झाकून ठेवायचा, मग काचेवर तो उरलेला भाग तैलरंगांत रंगवून दोन्ही एकाच फितीवर जुळवायचे. सांधा कुठे आहे हे प्रेक्षकाला कळले की खेळ संपला. एलेनशॉची खुबी अशी की तो सांध्यापाशी तपशील वाढवत नाही, कमी करतो. दूरच्या डोलकाठ्या नुसत्या रेषा आहेत, धूर आणि धुके यांनी कडा पुसल्या आहेत, आणि उजेड असा पसरला आहे की आपली नजर आपोआप खालच्या हालत्या माणसांकडे येते. हा गृहस्थ पुढे कॅलिफोर्नियाला गेला आणि 'मेरी पॉपिन्स'साठी त्याने अख्खे लंडन काचेवर उभे केले, त्याचे ऑस्करही मिळवले. पण ब्रिस्टलच्या या काही क्षणांच्या देखाव्यांत मला तो अधिक आवडतो, कारण इथे त्याला अजून कुणी दाद देईल अशी अपेक्षा नाही.

मधला भाग, लाकडी गढीच्या लढाईचा, तितकासा बांधेसूद नाही. माणसे पडतात, धूर होतो, कोण कुणाच्या बाजूचे हे क्षणभर कळेनासे होते. बेन गन या बेटावर एकट्या राहून वेडसरलेल्या माणसाला जेफ्री विल्किन्सनने इतके उड्या मारायला लावले आहे की एकांताचे दुःख त्या उड्यांत हरवते. चाच्यांनी आपल्याच नायकावर उलटून त्याला पदच्युतीची खूण म्हणून काळा ठिपका देण्याचा प्रसंग मात्र ठसतो. बायबलचे पान फाडून त्यावर तो काळा ठिपका काढला आहे हे कळताच सिल्व्हर ज्या सात्त्विक संतापाने त्या मूर्खांना झापतो, तो खोटा असूनही इतका तेजस्वी आहे की ते सगळे, आणि आपणही, वरमतो.

आणि मग डोलकाठीवरचा प्रसंग. जहाजावर जिम आणि चाचा इझ्रेल हँड्स दोघेच. जिम शिडाच्या दोरांवरून वर चढतो, हँड्स सुरा घेऊन त्याच्या मागे. जेफ्री कीनचा हँड्स घाई करत नाही. त्याला वाटते मुलगा कुठे जाणार, वर आकाश आणि खाली समुद्र. बोलता बोलता सुरा सुटतो, मुलाला लागतो, पिस्तूल उडते आणि तो देह खाली कोसळतो. डिस्नेच्या चित्रपटात एक मूल माणसाला ठार मारते, आणि चित्रपट त्याबद्दल त्याला शाबासकीही देत नाही, क्षमाही मागायला लावत नाही. मुलाचा चेहरा पांढरा पडतो, बस. १९७५ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना लहान मुलांना सोयीचा व्हावा म्हणून हिंसेचे काही क्षण कापण्यात आले. आपण पाहावा तो अखंड, ९६ मिनिटांचा; कारण जिमच्या हातून काय घडले आहे हे आपल्याला पुरते ठाऊक नसेल, तर पुढे पुळणीवर तो जे करतो त्याचे मोल कळणार नाही.

पुळणीवरच्या त्या शेवटाकडे येण्याआधी चाचे खजिन्याच्या जागी पोचतात आणि खड्डा रिकामा सापडतो. बेन गनने तो केव्हाच हलवलेला असतो. ज्या वस्तूसाठी सारा खटाटोप, ती खुणेच्या जागी नाही! कादंबरीतही तसेच आहे. फरक येतो तो यानंतर. स्टीव्हन्सनचा सिल्व्हर परतीच्या वाटेवर एका बंदरात, जिम जवळ नसताना, बेन गनच्या संगनमताने नाण्यांची एक पिशवी घेऊन पसार होतो. लेखक त्याला जणू पाठमोरा निरोप देतो. चित्रपटाने मात्र निरोपाचा प्रसंग उघड्यावर मांडला. सिल्व्हर धनाची होडी ताब्यात घेतो, जिमला ओलीस ठेवून सुकाणू धरायला लावतो, आणि जिम ती मुद्दाम वाळूत रुतवतो. सिल्व्हर पिस्तूल रोखतो. न्यूटनचा चेहरा इथे पाहावा. आतापर्यंत दोन डोळे दोन भाषा बोलत होते. इथे प्रथमच दोन्ही डोळे एकच बोलतात, आणि जे बोलतात त्याची त्याला स्वतःलाच लाज वाटते आहे. गोळी सुटत नाही. शिव्या घालत, एका पायाने वाळूत झोके खात, तो होडीला खांदा लावतो आणि होडी हलत नाही. ज्या अपुरेपणावर त्याने चित्रपटभर मात केली तो आता त्याला खरोखर नडतो. ते जिमला पाहवत नाही. ज्याने होडी रुतवली तोच धावत येतो आणि तिला लोटू लागतो.

न्याय कुणीकडे आहे हे जिमला ठाऊक आहे, डोलकाठीवर त्याने त्याची किंमतही मोजली आहे, आणि तरीही त्याचे हात त्या होडीला लागतात. कथेच्या दृष्टीने ही तडजोड आहे, डिस्नेच्या घराण्याला साजेसा गोड शेवट आहे, असे म्हणणारे समीक्षक आहेत. मला तो गोड वाटत नाही. मुलाने चोराला धनासकट पळायला मदत केली आहे, आणि त्याला त्याबद्दल कुणी बोल लावत नाही. उलट मागून आलेला डॉक्टर लिव्हसी, जो कायद्याचा, मर्यादेचा, सरळ रेषेचा माणूस, तोही पाण्यावर दूर जाणाऱ्या त्या होडीकडे पाहून म्हणतो की हा बदमाश निसटावा असे आपल्यालाही जवळजवळ वाटू लागले आहे. त्या 'जवळजवळ'मध्ये त्याने आपली सभ्यता शाबूत ठेवली आहे. आपण प्रेक्षक तेवढे सभ्य नाही. आपण केव्हाच जिमच्या शेजारी उभे राहून होडी लोटायला लागलेलो असतो.